हिरवा सरदार, लाल ढाल आणि एक कमरबंद: मध्ययुगीन रोमान्स-काव्यातल्या प्रतीकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगीन युरोपातली रोमान्स-काव्यं वाचायला घेतली की माणसं पहिल्या आठवड्यातच यादी मागतात. हिरवा म्हणजे काय, लाल म्हणजे काय, कोल्हा कशाचं प्रतीक? तशी यादी इथे मिळणार नाही. मी एकच कविता हाताशी धरली आहे, 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट'. निसर्ग, श्रद्धा आणि सरदारी बाणा हे तिन्ही धागे तिच्यात असे गुंतले आहेत की एक ओढला की उरलेले दोन हलतात. उत्तरं देताना गोष्टीचा शेवट फोडला आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं रहस्य अजून किती सांभाळायचं?

रोमान्स म्हणजे प्रेमकविताच ना?

नाही. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन. लोकांच्या तोंडच्या फ्रेंचमध्ये सांगितलेल्या गोष्टीला 'रोमान्स' म्हणू लागले. संस्कृत सोडून प्राकृतात लिहिलं, तसंच काहीसं. या गोष्टी बहुतेक सरदारांच्या, त्यांच्या प्रवासांच्या आणि पराक्रमांच्या असत. प्रेम त्यात असतं, पण ते असलंच पाहिजे असं नाही. पुढे हा शब्द फक्त प्रेमासाठी उरला आणि तिथून हा घोळ सुरू झाला.

ही कविता कोणी आणि कधी लिहिली?

कवीचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. कविता चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि तिची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, साधारण 1400 च्या आसपासची. त्याच बाडात 'पर्ल', 'क्लीननेस' आणि 'पेशन्स' अशा आणखी तीन कविता आहेत. चारही एकाच कवीच्या असाव्यात असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणून त्याला 'पर्ल-कवी' किंवा 'गवेन-कवी' म्हणतात. भाषा लंडनची नाही. चेशायर-स्टॅफर्डशायरच्या बाजूची, इंग्लंडच्या वायव्येकडची बोली आहे. लंडनच्या बोलीत लिहिणाऱ्या प्रसिद्ध कवी चॉसरचा समकालीन असूनही हा कवी आजच्या इंग्रजी वाचकाला कितीतरी अवघड जातो, त्याचं कारण हेच.

ते बाड सर रॉबर्ट कॉटन यांच्या संग्रहात होतं. त्यांच्या ग्रंथालयात कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते आणि पुस्तकांची ओळख त्यांच्यावरूनच ठरे. हे बाड 'कॉटन नीरो ए.दहा'. म्हणजे नीरोच्या डोक्याखालचं कपाट, पहिला खण, दहावं पुस्तक. 1731 मध्ये या संग्रहाला आग लागली, बरंच काही गेलं, काही पोथ्या कडेनं करपल्या. हे बाड वाचलं. छापील रूपात ही कविता पहिल्यांदा आली 1839 मध्ये. आज ते बाड ब्रिटिश लायब्ररीत आहे.

गोष्ट थोडक्यात सांगाल?

राजा आर्थरच्या कॅमलॉटमध्ये नाताळची मेजवानी चालू आहे. नववर्षाच्या दिवशी एक धिप्पाड सरदार घोड्यावरून थेट दरबारात शिरतो. अंगरखा हिरवा, केस हिरवे, कातडी हिरवी, घोडाही हिरवा. तो एक खेळ मांडतो: माझ्या मानेवर माझ्याच कुऱ्हाडीनं एक घाव घाला, वर्षभरानं मी परतफेड करीन. आर्थरचा भाचा गवेन पुढे होतो आणि मुंडकं उडवतो. ते जमिनीवर गडगडतं, बसलेली माणसं त्याला पायानं ढकलतात. धड मात्र शांतपणे चालत येतं, केसांना धरून डोकं उचलतं आणि घोड्यावर चढतं. हातातलं डोकं बोलतं, 'पुढच्या नववर्षाला सकाळी हिरव्या चॅपेलपाशी, म्हणजे हिरव्या प्रार्थनाघरापाशी, ये.'

वर्ष सरत आल्यावर गवेन निघतो. नाताळच्या आदल्या दिवशी एका गढीत आसरा मिळतो. गढीचा मालक बर्टिलाक दुसरा खेळ सुचवतो: तीन दिवस मी शिकारीला जाईन, तू आराम कर, संध्याकाळी दिवसभरात जे मिळालं ते एकमेकांना द्यायचं. तो रानात असताना त्याची बायको रोज सकाळी गवेनच्या पलंगापाशी येते. गवेन तिला दुखावत नाही आणि वशही होत नाही. मिळालेली चुंबनं संध्याकाळी इमानानं यजमानाला देतो. तिसऱ्या दिवशी ती त्याला हिरवा रेशमी कमरबंद देते. तो बांधलेल्याला कोणी मारू शकत नाही, असं सांगते. तो गवेन लपवतो.

नववर्षाच्या सकाळी हिरवा सरदार तीनदा कुऱ्हाड उचलतो. दोनदा थांबतो, तिसऱ्यांदा मानेला नुसती चीर पडते. मग कळतं की हिरवा सरदार म्हणजे बर्टिलाकच. पहिल्या दोन दिवसांच्या इमानाबद्दल दोन हुलकावण्या, कमरबंदाबद्दल एक चीर.

हिरवा म्हणजे निसर्ग, असं लिहिलं तर चालेल का?

परीक्षेत कदाचित चालेल. कवितेत चालत नाही.

सरदार दरबारात येतो तेव्हा त्याच्या दोन हातांकडे बघा. एका हातात हॉलीची डहाळी आहे. कवी मुद्दाम सांगतो की राई उघड्या पडतात तेव्हा हीच सगळ्यांत हिरवी असते. हॉली हिवाळ्यात पान गाळत नाही, म्हणून नाताळात घरोघरी लावतात. दुसऱ्या हातात राक्षसी कुऱ्हाड आहे आणि तिचं पोलादही हिरव्या झळाळीचं. एका हातात न मरणारं झाड, दुसऱ्यात झाड तोडायचं हत्यार. तो म्हणतो, 'मी भांडायला आलो नाही, ही डहाळी बघा.' अंगावर चिलखतही नाही. तरी सगळा दरबार गारठून बसतो.

त्यात तो नुसता हिरवा नाही, हिरव्यात सोनं आहे. कपड्यांवर सोनेरी भरतकाम, घोड्याच्या आयाळीत हिरव्याबरोबर सोनेरी धागे गुंफलेले. म्हणजे रानातून आलेला जंगली माणूस म्हणावा तर नटला आहे एखाद्या उमरावासारखा. दाढी मात्र झुडपासारखी आणि डोळे लाल. त्या काळच्या वाचकाला हिरव्यात वसंत दिसे, तारुण्य दिसे, परीलोकातली माणसं दिसत, सैतानही दिसे. कवीनं यातलं काहीच वगळलेलं नाही. एकेकाळी काही अभ्यासकांनी त्याला वनस्पतींचा जुना देव ठरवून टाकलं होतं, दरवर्षी मरून पुन्हा उगवणारा. मुंडकं उडवण्याचा खेळ जुन्या आयरिश कथांत, कू हुलिनच्या गोष्टीत, आधीपासून आहे, हे खरं. पण हा देव सुतळीएवढ्या कमरबंदावरून माणसाचं इमान तपासत बसतो आणि तपासणी झाल्यावर त्याला घरी जेवायला बोलावतो. मला तरी तो देवापेक्षा कडक पण मिश्कील परीक्षकच जास्त वाटतो.

ढालीवरची पाच टोकांची चांदणी जादूटोण्याची असते ना?

हा प्रश्न बहुधा भयपट पाहून येतो. या कवितेत ती चांदणी बायबलातल्या राजा सॉलोमननं सत्याचं चिन्ह म्हणून ठरवलेली आहे. ढाल लाल, तिच्यावर चांदणी सोनेरी आणि ढालीच्या आतल्या बाजूला, लढताना गवेनच्या नजरेसमोर येईल अशी, येशूची आई मेरी हिची प्रतिमा रंगवलेली. शत्रूला चांदणी दिसते, त्याला स्वतःला मेरी दिसते. ही आत-बाहेरची रचना मला फार आवडते.

गोष्ट ऐन रंगात असताना कवी थांबतो आणि चांदणीचा अर्थ सविस्तर सांगतो, 'वेळ लागला तरी सांगणारच' असं म्हणून. पाच गोष्टी, प्रत्येकी पाच: पाच इंद्रियं निर्दोष, पाच बोटं कधी न चुकणारी, ख्रिस्ताच्या पाच जखमांवर सगळी श्रद्धा, मेरीच्या पाच आनंदांतून मिळणारं धैर्य आणि शेवटी पाच गुण. इंग्रज लोक या आकृतीला 'अंत नसलेली गाठ' म्हणतात, असंही तो सांगतो. पेन्सिल न उचलता काढून बघा. जिथून सुरुवात केली तिथेच रेघ परत येते, टोक कुठे सुटत नाही. मुद्दा नेमका हाच आहे. यातला एक गुण ढिला पडला तर बाकीचे चोवीस शाबूत राहतील असं नाही, सगळी आकृतीच उसवते. इतकी परिपूर्ण ढाल एखाद्या माणसाच्या खांद्याला अडकवली की कवीच्या मनात काय चाललंय याचा अंदाज येतो. ही परिपूर्णता टिकणार नाही.

ते पाच गुण कोणते? शिव्हलरी म्हणजे नक्की काय?

दिलदारपणा, सोबत्यांविषयी जिव्हाळा, शुचिता, अदब आणि पाचवा 'पिते'. या पाचव्या शब्दात करुणा आणि भक्ती असे दोन्ही अर्थ येतात, त्यामुळे भाषांतरकारांची पंचाईत होते.

शिव्हलरी म्हणजे सरदारी बाणा, आणि हा शब्द घोड्यावरून आला. फ्रेंचमध्ये घोडेस्वाराला जो शब्द, त्याचंच हे भाववाचक रूप. आपल्याकडे शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. तो मान घोड्यापासून सुरू होतो हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही. गवेनच्या घोड्यालाही नाव आहे, ग्रिंगोलेट.

पण ही कविता ज्या शब्दाभोवती फिरते तो आहे 'ट्रौथ'. आजच्या इंग्रजीतला 'ट्रूथ' त्यातूनच आला, तेव्हा मात्र त्याचा अर्थ जास्त रुंद होता: खरेपणा, इमान आणि दिलेला शब्द. मराठीत 'शब्द दिला' म्हणतो, 'शब्दाला जागला' म्हणतो, तोच हा अर्थ. गोष्टीतले दोन्ही खेळ शेवटी दिलेल्या शब्दाचे आहेत. पहिल्या खेळात जीव पणाला लागला आहे हे गवेनला माहीत आहे. दुसरा त्याला नाताळची करमणूक वाटतो. त्याचा जीव दुसऱ्यावरच ठरतो.

निसर्ग या कवितेत सुंदर आहे की भयंकर?

आधी तो वेळ मोजतो. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वर्ष कसं सरलं याचं वर्णन येतं: नाताळानंतर लेंटचे उपवास, मग पाऊस, कळ्या, पाखरं, वाऱ्याची झुळूक, मग सुगी येऊन धान्याला 'लवकर पिकून घे, थंडी येतेय' म्हणून दटावते, पानं गळतात, हिरवं गवत करडं होतं. आपल्या संस्कृत काव्यातलं ऋतुवर्णन अनेकदा प्रेमासाठी किंवा विरहासाठी असतं, इथलं तारीख जवळ आणण्यासाठी. ऋतूंबरोबर सणही चालतात, मायकलमस म्हणजे देवदूत मायकलचा सण, मग सर्व संतांचा दिवस. रानाचं पंचांग आणि चर्चचं पंचांग एकच. निसर्ग एका बाजूला, धर्म दुसऱ्या बाजूला अशी फाळणी करून हे काव्य वाचता येत नाही, ते यासाठी.

मग हिवाळ्यातला प्रवास. उत्तर वेल्समधून, अँगलसीची बेटं डाव्या हाताला ठेवून, विरलच्या रानात. वाटेत अजगर, लांडगे, अस्वलं, रानडुकरं, रानमाणसं, राक्षस. या सगळ्यांना कवी दोन-चार ओळींत उरकतो आणि म्हणतो, लढाईचं एवढं काही नव्हतं, हिवाळा त्याहून वाईट. गवेन लोखंडी चिलखतातच उघड्या खडकांवर झोपतो. कड्यावरून थंडगार झरा कोसळतोय आणि डोक्यावर बर्फाच्या सुळ्या लोंबतायत. पर्णहीन फांद्यांवर बसलेली पाखरं थंडीनं केविलवाणी चिवचिवतायत. राक्षस मारणं ही सरदारी. गारठ्यात झोपणं ही कुठल्याच पोवाड्यात न येणारी गोष्ट, आणि कवीनं नजर नेमकी तिथे ठेवली आहे.

तिथेच गवेन मेरीची प्रार्थना करतो. जीव वाचव असं नाही म्हणत. नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकायला एखादी जागा मिळू दे, एवढंच. तीनदा क्रॉसची खूण करतो आणि झाडांतून गढी दिसते, कागदातून कापून काढल्यासारखी. कृपा म्हणावी की सापळा? दोन्ही.

शिकारीची एवढी लांबलचक वर्णनं का आहेत? ती गाळून वाचली तर?

गाळू नका, गोष्ट तिथेच घडते. कवी रान आणि शयनगृह आलटून-पालटून दाखवतो. बाहेर कुत्री भुंकतायत, आत पडदा सरकवून ती पलंगाच्या काठावर बसतेय.

पहिल्या दिवशी हरणी. नरांच्या शिकारीला त्या ऋतूत बंदी आहे, म्हणून शिंगवाल्यांना जाऊ देतात. बर्टिलाक नियमांचा माणूस आहे, हे आपण इथे पाहून ठेवावं. मग हरणं सोलण्याचं वर्णन इतकं बारीक आहे की कसायानंही मान डोलवावी: चीर कुठे द्यायची, आतडी कशी काढायची, कुत्र्यांना रक्तात भिजवलेल्या पावाबरोबर काय द्यायचं, आणि एक छोटं हाड डोमकावळ्यासाठी झाडीत फेकायचं. कावळ्याचा वाटासुद्धा ठरलेला. ज्याचं त्याला द्यायचं, ही शिकारीची रीत आहे, आणि संध्याकाळच्या खेळाचा नियमही तोच.

दुसऱ्या दिवशी रानडुक्कर. समोरासमोरची झुंज, बर्टिलाक ओढ्यात उतरून तलवारीनं त्याला मारतो. आतही बाईचा हल्ला जास्त उघड होतो: इतका नावाजलेला सरदार आणि प्रेमाबद्दल एक शब्द नाही? तिसऱ्या दिवशी कोल्हा. तो वळसे घेतो, मागे फिरतो, कुंपणावरून उडी मारतो आणि तलवारीचं पातं चुकवायला बाजूला झाल्यावर नेमका कुत्र्याच्या तोंडी जातो. त्याच सकाळी गवेन जीव चुकवायला कमरबंद घेतो.

संध्याकाळची एक बारीक गोष्ट बघा. पहिले दोन दिवस आधी यजमान आपली शिकार देतो. तिसऱ्या दिवशी गवेन घाईनं आधी पुढे होतो आणि तीन चुंबनं देऊन मोकळा होतो. अंगावर निळा झगा आहे, आणि निळा तेव्हा निष्ठेचा रंग मानत. बर्टिलाक म्हणतो, मला तर आज एक घाणेरडं कोल्ह्याचं कातडं मिळालंय. कवी यावर अवाक्षर बोलत नाही.

कमरबंदाचा अर्थ शेवटी काय?

कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. माझ्या मते प्रतीकं वाचायला शिकायची असतील तर अख्खी कविता सोडून नुसत्या या कमरबंदाचा पाठलाग करावा.

आधी तो बाईच्या कमरेला आहे, तिचं रोजचं वस्त्र. ती सोडून देते तेव्हा प्रेमाची खूण. गवेन ती नाकारतो, त्याआधी सोन्याची अंगठीही नाकारलेली असते. 'हा बांधला की मरण नाही' हे कळल्यावर तो ताईत होतो आणि गवेन घेतो. संध्याकाळी द्यायला हवा होता तो देत नाही, तेव्हा चोरीचा माल. निघताना लाल कपड्यावर दोन वेढे देऊन बांधतो. तेव्हाच वाचकाला खटकायला हवं, हिरवं रेशीम आणि सोनेरी कड हे कोणाचे रंग आहेत? हिरवा सरदार सांगतो, 'तो माझाच आहे.' म्हणजे आता साक्षीपुरावा. मानेला चीर पडल्यावर गवेन तो खांद्यावरून तिरपा बांधतो, आपल्या बेइमानीची खूण म्हणून, जन्मभरासाठी. आणि कॅमलॉटला पोचल्यावर सगळे सरदार तसाच हिरवा पट्टा बांधू लागतात, तेव्हा तो मानचिन्ह होतो.

एकच रेशमाची पट्टी, इतके अर्थ, आणि मधला एकही खोटा नाही. चांदणीला टोक नव्हतं. कमरबंदाला दोन टोकं आहेत, तो बांधावा लागतो आणि सुटूही शकतो. 'हिरवा = निसर्ग' अशी यादी करणाऱ्याच्या हातून नेमकी ही गाठ निसटते.

गवेननं पाप कबूल केलं नव्हतं का? मग दोष कसला?

या प्रश्नावर अभ्यासकांचं आजही भांडण आहे. तिसऱ्या दिवशी, कमरबंद लपवल्यावर, गवेन गढीतल्या पाद्र्याकडे जाऊन कबुली देतो. पाद्री त्याला इतका स्वच्छ करून सोडतो की दुसऱ्या दिवशी कयामत आली तरी चालेल. पण कमरबंदाबद्दल तो बोलला का? कवी सांगत नाही. परत करायचं मनात नसताना घेतलेली वस्तू ठेवून कबुली पुरी कशी होईल, हा त्या काळच्या कोणत्याही श्रोत्याला पडणारा प्रश्न.

खरी कबुली पुढे होते, उघड्यावर. हिरवं चॅपेल म्हणजे काही चॅपेलच नाही. गवतानं माखलेला एक मातीचा ढिगारा, आत पोकळ, टोकाला आणि दोन्ही बाजूंना भोकं. गवेन मनात म्हणतो, इथे मध्यरात्री सैतान प्रार्थना म्हणत असेल. वरून कुऱ्हाडीला धार लावल्याचा आवाज येतोय. पहिल्या वाराला गवेन थोडा आकसतो. तिसऱ्याला बर्फावर स्वतःचं रक्त दिसतं आणि तो उडी मारून उभा राहतो. जन्मल्यापासून इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता, असं कवी म्हणतो.

मग तो सगळं बोलतो: भित्रेपणा, हाव, शब्द मोडणं. आणि हिरवा सरदार म्हणतो, झालं, तू जन्माला आल्यापासून कधी चुकलाच नाहीस इतका आता स्वच्छ आहेस. ही पाद्र्याची भाषा आहे. ज्याला आपण पहिल्या भागात सैतान, रानदेव, राक्षस समजत होतो, त्याच्या तोंडी चर्चमधली क्षमा. दिवसही बघा: 1 जानेवारी, त्या काळच्या चर्चच्या पंचांगात बाळ येशूच्या सुंतेचा सण. मानेवरच्या त्या छोट्या चिरेचा काही अभ्यासक त्याच्याशी संबंध लावतात. पटेल त्यांनी घ्यावा.

मला सगळ्यांत जवळचं वाटणारं वाक्य हिरव्या सरदाराचंच आहे. तू हे कारागिरीच्या मोहानं केलं नाहीस, बाईच्या मोहानंही नाही, तुला जीव प्यारा होता, म्हणून मी तुला कमी दोष देतो. गवेनला ही सवलत मान्य नाही. तो स्वतःला चांदणीच्या मापानंच मोजतो.

शेवटी तो बायकांना का शिव्या देतो?

आदम, सॉलोमन, सॅमसन, डेव्हिड सगळे बायकांनी फसवले, मग मी कोण, असं तो एका दमात बोलून टाकतो. अदबीसाठी नावाजलेल्या माणसाच्या तोंडी हे शोभत नाही, आणि माझ्या समजुतीनं ते शोभू नये अशीच योजना आहे. लाज वाटली की माणूस दोष ढकलायला जवळची जागा शोधतो. ही सगळी परीक्षा मुळात मॉर्गन ल फे या जादूगारणीनं घडवून आणली, दरबाराचा गर्व तपासायला आणि राणी ग्विनिव्हिअरला घाबरवायला, हे उलगडतं तेही इथेच. गढीत बर्टिलाकच्या बायकोबरोबर एक सुरकुतलेली म्हातारीही असते, ती म्हणजे मॉर्गन, गवेनची मावशी. हा खुलासा घाईत उरकल्यासारखा वाटतो, कबूल.

दरबार हसतो, ते त्याची चेष्टा म्हणून?

गवेन लाल होऊन, कण्हत, मान दाखवून सगळं सांगतो. राजा त्याचं सांत्वन करतो, दरबार मोठ्यानं हसतो आणि ठरवतो की आपणही सगळे असाच पट्टा बांधू. त्यांना तो भयाण ढिगारा कळलाच नाही, असं म्हणणारे आहेत. त्यांनी त्याची लाज आपल्यात वाटून घेतली, असं म्हणणारेही आहेत. मी दर खेपेला वेगळ्या बाजूला जातो. हस्तलिखितात शेवटी एक फ्रेंच वाक्य आहे, 'जो वाईट अर्थ काढील त्याला लाज वाटो', इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डनं 1348 च्या सुमारास स्थापलेल्या गार्टर या सरदारांच्या पथकाचं ब्रीद. त्या पथकाचा पट्टा मात्र निळा आहे.

हिरवं चॅपेल कुठे बघायला मिळेल?

स्टॅफर्डशायरमध्ये लड्स चर्च नावाची खडकातली अरुंद, शेवाळलेली घळ आहे, काही अभ्यासक तिकडे बोट दाखवतात. कवितेतला ढिगारा तिच्याशी तंतोतंत जुळत नाही. पण बोली त्याच मुलखातली आहे आणि घळ हिरवीगार आहे, तेव्हा लोक जातात.

देव पटेलचा चित्रपट पाहिलाय, तेवढं पुरे ना?

2021 चा तो चित्रपट वेगळी गोष्ट सांगतो. त्यातला गवेन अजून सरदार झालेला नाही, त्याला मोठं व्हायचंय. कवितेतला गवेन आधीच नावाजलेला आहे, आणि गोची त्या नावाचीच आहे. चित्रपटात कोल्हा सोबतीला चालतो, कवितेत त्याचं कातडं सोललं जातं. दोन्ही बघा-वाचा, फक्त एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पेपरात लिहू नका.

इतर रोमान्स-काव्यांतही असंच असतं का?

चीज तीच, चाल वेगळी. बाराव्या शतकातल्या क्रेतियें द त्र्वाच्या 'पर्सव्हाल'मध्ये ससाण्यानं जखमी केलेल्या हंसिणीच्या रक्ताचे तीन थेंब बर्फावर पडतात. पांढऱ्यावर लाल पाहून पर्सव्हालला प्रेयसीचा चेहरा आठवतो आणि तो भाल्यावर रेलून तिथेच हरवतो. त्याला डिवचायला आलेले सरदार मार खाऊन परततात. शेवटी जो हळुवार बोलून त्याला आणतो तो गवेन, हाच. त्याच कवीच्या 'इव्हें'मध्ये सर्पाच्या तावडीतून सोडवलेला सिंह सरदाराच्या मागे कुत्र्यासारखा चालतो आणि निष्ठा कशाला म्हणतात ते दाखवतो. तिथे बर्फावरचं रक्त दुसऱ्याची आठवण आहे. इथे ते गवेनचं स्वतःचं, आणि 'मी जिवंत आहे' एवढाच त्याचा अर्थ.

कुठून वाचायला सुरुवात करू?

मूळ ओळी 2,530, कडवी 101. कडव्यात आधी अनुप्रासाच्या लांब ओळी, मग एकदम दोन-तीन अक्षरांची तुटक ओळ आणि तिच्यामागे चार छोट्या यमकाच्या ओळी. ज्ञानेश्वरीतली ओवी ज्याच्या कानात आहे त्याला हे परकं वाटू नये. तीन चरण यमकात चालतात आणि चौथा आखूड होऊन थांबतो, तसाच काहीसा झोका. आधुनिक इंग्रजी भाषांतरं बरीच आहेत. अनुप्रास राखणारं घ्या आणि मोठ्यानं वाचा, हे काव्य कानासाठीच आहे.

सुरुवात पहिल्या पानापासून केलीच पाहिजे असं नाही. पहिलं पान ट्रॉयच्या वेढ्यानं सुरू होतं आणि तिथेच बरेच जण पुस्तक मिटतात. थेट दुसऱ्या भागावर जा, ऋतू वाचा, गवेनला चिलखत चढवताना बघा, बर्फाच्या सुळ्यांखाली झोपवा. गढी दिसली की पुस्तक खाली ठेवून पहिल्या पानावर या. ट्रॉय तिथे का आहे ते शेवटच्या कडव्यात कळेल, तिथे तो परत येतो.